अर्धं पोट, पूर्ण फेड

बँकेत वीस वर्षं कारकुनी केली की माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात: चष्मा आणि ॲसिडिटी. पैकी चष्मा निदान घरी विसरता येतो. आमच्या नांदेडच्या शाखेत दुपारी दोनच्या सुमारास टेबलांचे खण उघडल्याचे आवाज येऊ लागले की नवख्या ग्राहकाला वाटतं, काम सुरू झालं. प्रत्यक्षात जो तो आपापली गुलाबी बाटली काढत असतो.

पण आमच्या घराण्यात पोटदुखीचा मान माझा नाही, तो मामांचा. लोहा तालुक्यातल्या मामांना अल्सर झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्या काळी अल्सर कशाने होतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आजी म्हणे ठेच्याने, मास्तर म्हणत संतापाने, आणि मामी माहेरी जाऊन सांगे की सासूने. डॉक्टरही म्हणत, आम्ल फार, काळजी फार, दूधभात खा. मामांनी दोन वर्षं दूधभात खाल्ला. म्हशी आटल्या, दुखणं आटलं नाही. शेवटी १९७९ साली ऑपरेशन झालं.

हे ऑपरेशन मला बँकेच्या भाषेतच समजतं. आम्ल सोडण्याचा हुकूम जठराला मेंदूकडून व्हेगस नावाच्या नसेतून येतो. शिकागोच्या ड्रॅगस्टेट यांनी १९४३ साली अल्सरसाठी ही नसच कापली. म्हणजे हेड ऑफिसचा फोनच तोडला! जठराचा तुकडा काढून उरलेलं आतड्याला जोडायची रीत त्याहून जुनी. ती व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी १८८१ साली कॅन्सरच्या रोग्यावर यशस्वी करून दाखवली होती. आमच्या मामांचं दोन्ही झालं. नस तोडली, जठराचा खालचा अर्धा भाग काढला आणि उरलेलं पुढच्या आतड्याला जोडलं.

काम चोख झालं. अशा ऑपरेशननंतर अल्सर उलटतो तो शंभरात एखाद-दुसऱ्याचाच. मामांचा आजतागायत उलटला नाही. मुद्दल एका फटक्यात फिटलं. व्याज मात्र चालू राहिलं.

जठराच्या खालच्या दाराशी एक शिपाई असतो. तो अन्नाला रांगेत उभं करून थोडं थोडं पुढे सोडतो. मामांचा शिपाई जठराबरोबरच गेला. त्यामुळे गोडधोड खाल्लं की सगळं एकदम आतड्यात घुसतं, पेन्शनच्या तारखेला काउंटरवर घुसतात तसं. मग घाम, धडधड, चक्कर. आडवंच व्हावं लागतं. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. सासुरवाडीत याला ‘जावई रुसले’ म्हणतात. पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. सासूबाईंनी धोंडे वाढले, तुपाची धार सोडली, आणि जावई एकाच धोंड्यावर हात आखडून, पाण्याचा घोटही न घेता, आतल्या खोलीत जाऊन निजले. सासऱ्यांना वाटलं, अंगठी हलकी झाली!

पुढची वसुली सावकाश आली. बी-१२ शरीरात मुरायला जठराची मदत लागते. यकृतात त्याची मुदतठेव असते, ती काही वर्षं पुरते, म्हणून तोटा लगेच दिसत नाही. मामांची ठेव संपली तेव्हा पायाला मुंग्या येऊ लागल्या. लोहही अंगी लागेना, रक्त कमी झालं. तेव्हापासून इंजेक्शनांचे आणि गोळ्यांचे हप्ते सुरू आहेत. उरलेल्या जठरात पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून दुर्बिणीची तपासणीही असते.

इकडे जगाचा हिशेब बदलत होता. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेली, आम्ल अडवणारी सिमेटिडिनची गोळी इंग्लंडात १९७६ सालीच आली होती. ती लोह्यापर्यंत पोचायच्या आत मामांचं पोट शिवून झालं होतं. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी सांगितलं की या दुखण्यामागे एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी मानेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचा पेला स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. अंगदुखीच्या गोळ्या तेवढ्या दुसऱ्या आरोपी ठरल्या. ठेचा, संताप आणि सासू निर्दोष सुटले.

गेल्या वर्षी माझ्याही पोटात दुर्बीण गेली. अल्सर निघाला, जंतूसकट. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. मामा भेटायला आले. त्यांनी गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “एवढंच?”

“एवढंच, मामा.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पोटावरचा वीतभर व्रण मी लहानपणी विहिरीवर पाहिलेला होता. काय बोलावं मला सुचेना. अर्धं पोट परत मागायचा फॉर्म कुठल्याच बँकेत मिळत नाही.

मग तेच म्हणाले, “दोन हजार आठला कर्जमाफी आली तवा मी आधीच भरून मोकळा झाल्तो. लोक हसले. पण भरलं तवा माफी कुठं होती? अन् न भरता जगलो कसा असतो? रोज रातच्याला उलटी व्हायची, लेका.”

महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली. जंतू गेला होता. मामींनी पुरणपोळी केली. मामांनी पोळी मधोमध मोडली, अर्धी आपल्याला ठेवली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.

“खा,” ते म्हणाले, “तुझं पोट अख्खं हाय.”

त्या दिवशी मी नको म्हणालो नाही.