अतिथीची तिथी

मणिकर्णिका घाटावर लाकूड तोलून मिळते. घाटाकडे येणाऱ्याच्या दृष्टीस चितांच्या आधी रचलेल्या लाकडांच्या राशी आणि त्यांच्या शेजारचे मोठे तराजू पडतात. आंब्याचा भाव निराळा, चंदनाचा निराळा. मृताच्या घरची माणसे पारड्याकडे पाहत मनातल्या मनात बेरीज करतात आणि त्यात कोणालाही काही अनुचित वाटत नाही. मरणाऱ्याच्या कानात शिव स्वतः तारकमंत्र सांगतो, अशी ज्या क्षेत्राविषयीची श्रद्धा, तेथेही हिशेब सुटत नाही. म्हणूनच पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी या घाटाच्या पायरीवर बसून खिशातून कागद काढला आणि त्यावर हॉटेलच्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी मांडली, ही गोष्ट वरकरणी भासते तितकी विसंगत नव्हती.

गृहस्थ पन्नाशी उलटलेले. सोबत चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील. आईच्या अस्थी सकाळीच गंगेत सोडल्या होत्या. परतताना वडील इतकेच म्हणाले, की पुढच्या वर्षी याच सुमारास पुन्हा यावे. कार्डाच्या नूतनीकरणाची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती, आणि फी भरली तरच पुढील वर्षाची मोफत रात्र मिळणार होती.

या कार्डांची रीत एव्हाना पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. मॅरियट आणि एच.डी.एफ.सी. बँक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जे कार्ड भारतात आणले, त्याची वार्षिक फी तेव्हा तीन हजार रुपये होती. अठरा टक्के कर धरून ३,५४०. त्या बदल्यात दरवर्षी एका रात्रीचे मोफत वास्तव्य, मात्र ते पंधरा हजार गुणांपर्यंतच्या खोलीपुरते आणि वर्षाच्या आत वापरण्याचे. सर्वसाधारण खर्चावर दर दीडशे रुपयांमागे दोन गुण. म्हणजे वर्षभरात तीन लाख रुपये खर्चणाऱ्याच्या पदरी चार हजार गुण पडणार. तेवढ्यात सहसा एक रात्रही निघत नाही. त्यातून या साखळीने २०२२ मध्ये खोल्यांचे ठरीव गुणपत्रक रद्द केले असल्यामुळे कोणत्या रात्रीला किती गुण लागतील हे त्या त्या दिवसाच्या मागणीवर ठरते. देवदिवाळीला किंवा महाशिवरात्रीला काशीत यावयाचे म्हटले, की नेमक्या त्याच रात्री पंधरा हजारांच्या मर्यादेबाहेर जाण्याचा संभव. शिवाय देणे महिन्याच्या महिन्याला पुरते फेडले नाही, तर व्याज इतके चढते की मोफत रात्र कोणत्याही भाड्याच्या रात्रीहून महाग पडावी.

गृहस्थ देणे थकवणारे नव्हते. त्यांचा पेच वेगळा होता. अशाच एका कार्डाच्या मोफत रात्रीवर ते पितापुत्र आदल्या दिवशी छावणी भागातल्या हॉटेलात उतरले होते. त्या खोलीचे भाडे आठ हजार. तेव्हा ३,५४० देऊन आठ हजार मिळाले, असा हिशेब प्रथम झाला. मग तो खोडला गेला. कार्ड नसते तर आठ हजारांची खोली त्यांनी घेतलीच नसती; घाटाजवळच्या गल्लीत अडीच हजारांत भागवले असते. म्हणजे वाचले ते अडीच हजार, आणि दिले साडेतीन हजारांवर. छावणीतून मैदागिनपर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे निराळेच. तेथून पुढे गल्ल्यांतून वाहन जात नाही, आणि वडिलांचे गुडघे तर तेवढ्यातच थकले. एखादी गोष्ट मोफत मिळाली म्हणजे तिचे मोल बाजारभावाने करण्याचा मोह होतो. खरे मोल आपण एरवी जे खर्चले असते तेवढेच.

तथापि दुसरी बाजू लिहिणेही प्राप्त होते. हॉटेलात उद्वाहन होते, गरम पाणी होते, वडील त्या रात्री गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी ब्रह्माघाटानजीक तीर्थोपाध्यायांच्या घरी मुक्काम हलवला, तेथल्या उंच दगडी जिन्याने त्यांना दोनदा वाटेत बसवले.

परंतु वडिलांना तेथेच राहावयाचे होते. काशी हे महाराष्ट्राला परके गाव कधीच नव्हते. एकनाथांनी पैठणास आरंभिलेले भागवत १५७३ मध्ये येथे पूर्ण केले. मणिकर्णिकेचा घाट अहल्याबाई होळकरांनी १७९१ च्या सुमारास बांधून काढला; लगतचा घाट शिंद्यांच्या नावाचा आहे. दक्षिणेकडे मुनशी घाट नागपूरच्या श्रीधर नारायण मुनशी यांचे नाव सांगतो. त्यांनी बांधलेला वाडा पुढे दरभंग्याच्या राजघराण्याकडे गेला आणि आता त्यात उंची हॉटेल चालते. या सर्व दगडी औदार्याच्या आडोशाला सामान्य मराठी यात्रेकरू उतरत असे तो मात्र आपल्या उपाध्यायाच्या घरी. त्याचे सदस्यत्व गाव आणि कुळ यांवरून ठरे. त्याची नोंद वहीत होई.

त्या व्यवस्थेचे सोवळे चित्र रंगवण्याचे कारण नाही. तेथेही यजमानाची ऐपत पाहिली जाई, दक्षिणेवरून घासाघीस होई, आणि शोकात असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते हे जाणणारेही असत. हॉटेलच्या कार्डावरील ‘सिल्व्हर’ पदवी आणि उपाध्यायांच्या ओटीवरील मानाचा पाट यांत अंतर आहे, पण गोत्र अगदीच भिन्न नाही. तीर्थयात्रेलाही अर्थाची बाजू असते, हे ‘माझा प्रवास’च्या वाचकाला सांगावयास नको. १८५७ मध्ये विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरावरील कर्ज फेडण्यासाठी. झाशीत मिळवलेले लुटले गेले. आणि अखेर त्यांनी घरी आणली ती गंगेची कावड, जिने आईवडिलांना स्नान घातले. निघताना मांडलेला हिशेब आणि परतताना हाती उरलेली गोष्ट यांचा मेळ बसला नाही. तरीही त्या प्रवासाला तोट्याचा म्हणण्यास कोणी वाचक सहजी धजणार नाही.

गृहस्थांचा कागद याच ठिकाणी अडला होता. फी भरणे म्हणजे वडील पुढच्या वर्षी येतील यावर ३,५४० रुपये लावणे. न भरणे म्हणजे ते येणार नाहीत असे मनाशी धरणे. पहिले मूर्खपणाचे दिसत होते, दुसरे मुलाच्या हातून लिहिले जात नव्हते.

वडिलांनी कागदाकडे पाहून विचारले, “कसला हिशेब चालला आहे?”

त्यांनी सांगितले. वडील बराच वेळ समोरच्या धुराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे वर्षाच्या आत आलो तर खोली, नाहीतर पैसे बुडाले. होय ना?”

“हो, बाबा.”

“मग नको. मी येईन तेव्हा येईन. माझ्या मागे मुदत लावू नकोस.”

अतिथी शब्दाची व्युत्पत्ती कोणी ‘अत्’ धातूवरून सतत चालणारा अशी करतात. परंपरेच्या मनात अधिक रुजली ती दुसरी, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. कार्ड ज्याला पाहुणा म्हणते त्याची तिथी आधीच ठरलेली असते, आणि ती टळली की त्याचा हक्क संपतो. तिथी नसलेल्या पाहुण्यासाठी ते केलेलेच नाही. ज्याला दरवर्षी ठरलेल्या गावी जावयाचे आहे आणि जो एरवीही तशीच खोली घेईल, त्याला ते किफायतशीर ठरेल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा येण्याची इच्छा करणाऱ्याला नाही.

गृहस्थांनी कार्ड बंद करण्याचे ठरवले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देणे चुकते असल्यास अशी विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. त्यामुळे महिनाअखेरीच्या आत ते होण्यासारखे होते. फीइतकी रक्कम पाकिटात घालून वेगळी ठेवायची आणि पाकिटावर फक्त ‘काशी’ लिहायचे, असेही त्यांनी मनाशी योजले. त्या पैशाला मुदत राहणार नव्हती. ज्या वर्षी निघतील त्या वर्षी त्यातून घाटाजवळची, जिना नसलेली खोली मिळाली असती.

संध्याकाळी उपाध्यायांनी वही उघडली. वडिलांच्या आजोबांची मोडीतली सही सापडली. तिच्या खाली वडिलांनी पत्नीचे नाव, मग आपले, मग मुलाचे लिहिले. उपाध्यायांनी विचारले, “पुढचे येणे केव्हा?” वडिलांनी लेखणी परत केली आणि ती जागा रिकामी ठेवावयास सांगितली.