पाण्याआधी खबर

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावकडे निघालं की ओझर मागे पडतं आणि थोड्याच वेळात पिंपळगाव बसवंत येतं. प्रवाशांना आमचं गाव टोलनाक्यामुळे ठाऊक असतं, व्यापाऱ्यांना टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांच्या बाजारामुळे. गावातून पाराशरी नावाची नदी वाहते, हे मात्र बाहेरच्यांना सांगावं लागतं. लग्न होऊन मी इथे आले त्याला वीस वर्षं झाली. उन्हाळ्यात ती नदी आम्हा गावकऱ्यांच्याही ध्यानात राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना परिसर अभ्यासासाठी तिच्या काठाने नेलं. सकाळची वेळ होती. बागांमधून फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत होता. एका वळणावर पाण्यावर पांढरं काही चमकताना दिसलं. जवळ गेलो तर मासे. बोटाएवढे, विताएवढे, पोट वर करून तरंगणारे. काही अजून तडफडत होते. आम्ही सावरेपर्यंत एक मुलगा चप्पल काढून पाण्यात उतरला आणि डब्याच्या पिशवीत मासे भरू लागला.

"टीचर, मुफ्त की मच्छी!"

मी ओरडून त्याला बाहेर बोलावलं आणि पिशवी रिकामी करायला लावली. साबणाने पाय धुवायला मुलांना सोबत देऊन त्याला शाळेत पाठवलं. तो हिरमुसला. जाताजाता मागे वळून म्हणाला, "पण टीचर, पाणी तर चांगलं आहे. रंग बदलला नाही, वासही नाही. मौलवी साहेबांनी तेच बघायला सांगितलंय ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. वुजूच्या पाण्याचा धडा आपण सगळेच लहानपणी शिकतो: रंग, बू आणि मजा. पण तो नियम पाकी-नापाकीचा आहे. विषाची पारख करणं हे त्याचं काम नव्हे. कितीतरी कीटकनाशकं पाण्यात विरघळली की डोळ्यांना दिसत नाहीत, नाकालाही कळत नाहीत. माझं माहेर गोदाकाठचं. लहानपणी असे मासे वर आले की आमच्या गल्लीत आनंद व्हायचा आणि संध्याकाळी घरोघरी कालवण शिजायचं. आम्हीही खाल्लं. ते कशाने मेले, असं अम्मीने कधी विचारलं नाही, मीही नाही.

वरच्या अंगाला रात्री कुणीतरी फवारणीची टाकी धुतली, असं त्या दिवशी एक जण म्हणाला. खरं काय ते कळलं नाही, कारण पाण्याचा नमुना कुणी घेतलाच नाही. आणि मी? मुलांना शाळेत आणलं, हजेरी घेतली आणि वह्या तपासायला बसले. नदीच्या खालच्या अंगाला म्हशी पाण्यात बसल्या होत्या, दोन बायका कपडे धूत होत्या. त्यांना हाक मारणं काही अवघड नव्हतं. मी मारली नाही. सुशिक्षित म्हणवणाऱ्या बाईची ही चूक मला अजून टोचते.

म्हणून नंतर वाचू लागले. ६ जानेवारी २०२२ ला पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रसायन चोरून नाल्यात सोडलं जात होतं. त्यातून उठलेल्या वायूने शेजारच्या कारखान्यातले सहा कामगार गेले. आपल्याकडे उल्हासनगरला नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत असंच रसायन ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना रात्रीतून श्वास घेणं कठीण झालं. दोन्ही ठिकाणी कारखान्यात स्फोट झाला नव्हता. टँकर आला, नळी नाल्यात सोडली, एवढंच.

तिसरी हकीकत दूरची, पण आमच्या गावाला सर्वांत लागू पडणारी. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. गोदामात शेतीची औषधं होती. आग विझवायला मारलेलं पाणी त्या औषधांसकट ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली आणि लाखाच्या वर ईल मासे मेले. खाली जर्मनीपासून हॉलंडपर्यंत नदीचं पाणी उचलणारी केंद्रं बंद करावी लागली. हे वाचताना मला आमच्या गावातली औषधांची दुकानं आठवली. बागायतीचा मुलूख म्हटला की ती असणारच. त्यातल्या एखाद्याला आग लागली तर बंबाचं पाणी कुठे जाईल? गटारीत, आणि गटारीतून नदीत. आग विझली म्हणून आपण सुटकेचा श्वास घेऊ आणि तेव्हाच खालच्या गावाचं संकट सुरू झालेलं असेल.

मग आपण काय करायचं? शाळेत मुलांना शिकवते तेच इथे लिहिते.

टँकर उलटलेला दिसला किंवा नाल्यात अनोळखी पाणी वाहताना दिसलं, तर बघायला जवळ जायचं नाही. वारा आपल्याकडून तिकडे जात असेल अशा बाजूला आणि उंचावर सरकायचं. हात लावायचा नाही, काडी पेटवायची नाही, सांडलेल्यावर पाणी ओतायचं नाही. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर कायद्याने एक फलक असतो. त्यावर रसायनाचं नाव, चार आकडी क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १८३० म्हणजे गंधकाम्ल. दुरूनच मोबाइलने त्याचा फोटो काढायचा आणि ११२ ला फोन करून तो आकडा, जागा आणि पाणी कोणत्या दिशेने वाहतंय ते सांगायचं. अग्निशमन दलाला त्या आकड्यावरून कळतं की पाणी मारायचं, फेस मारायचा की काहीच मारायचं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. १९९६ च्या नियमांनुसार रासायनिक अपघातांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक गट असतो. नदीच्या पाण्याचे नमुने घेण्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं.

जाणत्या माणसांची पहिली धडपड असते ती नाल्याचं तोंड माती आणि वाळूच्या गोण्यांनी बांधण्याची. नाल्यात अडवलेलं उपसून काढता येतं. नदीत मिसळलेलं परत गोळा करता येत नाही. त्यानंतर एकच उपाय उरतो: खालच्या गावांच्या मोटारी आणि पाणीयोजना वेळेत बंद करणं, जनावरं पाण्यावरून हटवणं.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. असं पाणी उकळून शुद्ध होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, रसायन तसंच राहतं. तुरटीने नाही, टीसीएल पावडरनेही नाही. आम्ल सांडलेल्या पाण्यात टीसीएल टाकली तर उलट विषारी वायू निघतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत ते पाणी प्यायला नको, स्वयंपाकाला नको, वुजूला नको, बकरीलाही नको. मेलेले मासे कितीही ताजे दिसोत, घरात आणायचे नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मुलं नांदूरमध्यमेश्वरला गेलो. आमच्या शिवारातलं पाणी कादवेत जातं आणि कादवा तिथे गोदावरीला मिळते. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्या जागेचं नाव जाहीर झालं. बंधाऱ्यावर उभी राहून मी पाण्याकडे बघत होते. इथून काही पाणी कालव्यांनी वैजापूर, कोपरगावच्या शेतांत जातं आणि नदी पुढे पैठणच्या जायकवाडीत. जायकवाडीचं पाणी छत्रपती संभाजीनगरच्या नळांना येतं. माझी नणंद तिथे राहते. पहाटे फज्रच्या वुजूसाठी ती जो नळ सोडते, त्यात आमच्या पाराशरीचाही थेंब असणार.

नदीला खाली पोहोचायला वेळ लागतो, फोनला लागत नाही. नदी देते तेवढीच मोहलत आपल्या हातात असते. पाण्याच्या आधी खबर पोहोचली तर माणसं वाचतात. ती पाठवायला पदवी लागत नाही, नदीकाठी त्या वेळी हजर असलेला कुणीही ती पाठवू शकतो.

त्या मुलाच्या अम्मीला मी नंतर भेटून आले. मासे का टाकायला लावले ते समजावलं. ती म्हणाली, "बरं केलंत. मी तर शिजवलेच असते." आता त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ११२ आणि १०७७ लिहिलेलं आहे. त्याखाली त्याने स्वतःहून एक नंबर उतरवून घेतलाय: नदीच्या खालच्या अंगाला म्हशी सोडणाऱ्या त्या माणसाचा.