पुळल तलावावरचा हवाई तळ

चेन्नईला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या पुळल, म्हणजेच रेड हिल्स, तलावावर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं उतरत होती, हे मला माझ्या सासऱ्यांकडून, म्हणजे बाबांकडून, कळलं. ते आपल्या हवाई दलात तंत्रज्ञ होते, काही काळ तांबरमच्या तळावर होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे चेन्नईला आले आणि एकच हट्ट धरून बसले, ‘‘सूनबाई, मला एकदा रेड हिल्सचा तलाव दाखव.’’

जायचा योग आला तो नेमका २०१९ च्या जूनमध्ये. शहर पाण्यासाठी कासावीस झालं होतं. तण्णी लॉरी, म्हणजे टँकर, कधी येतो यावर आमच्या इमारतीतल्या अंघोळी ठरत. आम्ही लातूरचे. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तो दिवस घरात कुणी विसरलेलं नाही, आणि आमच्या त्या फेरीच्या पुढच्याच महिन्यात जोलारपेट्टैहून चेन्नईलाही तशीच गाडी सुरू झाली. बांधावर चढलो, तर तीन हजार तीनशे दशलक्ष घनफूट पाणी मावणाऱ्या तलावाच्या जागी भेगाळलेली जमीन पसरली होती. मला रडू यायला लागलं. बाबा मात्र हात कपाळाशी धरून लांबवर बघत होते. ‘‘इथून पळत सुटायचं कॅटलिना,’’ ते म्हणाले. ‘‘बघ केवढी जागा होती.’’

कॅटलिना म्हणजे पाण्यावर उतरणारं दोन इंजिनांचं विमान. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १०४ फूट. बंगालच्या उपसागरावर पंधरा-वीस तास गस्त घालायची, पाणबुड्या शोधायच्या, बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी हुडकायचे, ही त्याची कामं. त्याची गरज एप्रिल १९४२ ने दाखवून दिली. त्या महिन्यात जपानी आरमार हिंदी महासागरात शिरलं. ४ तारखेला श्रीलंकेतल्या कोग्गलाहून निघालेल्या एका कॅटलिनानेच ते प्रथम पाहिलं आणि पाडलं जाण्यापूर्वी कोलंबोला इशारा दिला. ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले. मद्रास ओस पडू लागलं. सरकारी कार्यालयं आतल्या गावांत हलली. पिंजरे फुटले तर काय होईल या धास्तीने प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरं गोळ्या घालून मारली गेली. त्या मुक्या जिवांची गोष्ट ऐकताना आजही पोटात तुटतं.

त्यानंतर त्याच वर्षी रॉयल एअर फोर्सचं २४० क्रमांकाचं स्क्वाड्रन पुळलला आलं. समुद्र जवळ असताना तलाव का? मद्रासचा किनारा उघडा आहे, लाटा सतत फुटतात, नैसर्गिक आडोसा फारसा नाही. तिथे पाण्यातलं विमान नांगरून ठेवणं अवघड. तलाव शांत, आणि गोडं पाणी धातूलाही तितकं खात नाही.

बाबांचा जीव अडकला होता तो या विमानांची निगा राखणाऱ्यांत. विमान तलावाच्या मध्यावर बोयाला बांधलेलं. पेट्रोल होडीतून न्यायचं, बाँबही होडीतून. इंजिनाचं काम पंखाच्या कडेशी लटकून, मद्रासच्या उन्हात. ‘‘हातातून पाना सुटला की गेला तळाला,’’ बाबा म्हणाले, ‘‘आमचा निदान जमिनीवर तरी पडायचा.’’ मोठी दुरुस्ती असली तर बाजूंना चाकं जोडून धूड काठावर ओढायचं. वैमानिकांची नावं लिहिली जातात, पण रात्रभर गस्त घालून विमान परत येई ते या हातांच्या भरवशावर, असं मला तिथे उभं राहून ठामपणे वाटलं. शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर गुपचूप हेर सोडण्याची कामंही या स्क्वाड्रनने केली.

बांधावर शेळ्या चारणाऱ्या एका अण्णांना मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, इथे विमानं उतरायची, ठाऊक आहे का? त्यांनी मीनंबाक्कमच्या विमानतळाच्या दिशेने हात केला. त्यांचं काय चुकलं? सांगणारी एक पाटीसुद्धा आम्हाला कुठे दिसली नाही.

या परिसरातले युद्धकाळातले सगळेच तळ काही विझले नाहीत. तांबरमला आजही हवाई दल आहे. अरक्कोणमची युद्धकालीन धावपट्टी आता नौदलाच्या ‘आयएनएस राजाळी’कडे आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात मीनंबाक्कमचा विमानतळ बुडाला तेव्हा प्रवासी विमानं राजाळीहूनच सुटली. तिथली पी-८आय विमानं आज त्याच उपसागरावर पाणबुड्या शोधतात. पुळलचं काम त्यांच्याकडे गेलंय, असं बाबा म्हणतात.

नंदंबाक्कमच्या युद्ध स्मशानभूमीत निदान मेलेल्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. पुळलच्या बांधावर तेवढंही नाही. शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने तिथे तमिळ आणि इंग्रजीत एक फलक लावावा, २४० स्क्वाड्रनचं नाव आणि युद्धाची वर्षं लिहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चेन्नईत राहणाऱ्या मराठी मंडळींनीही ती आपापल्या परीने पुढे न्यावी.