मोकळा किनारा कुणाला परवडतो?

2020 साली राज्य सरकारने आठ किनाऱ्यांवर बीच शॅक, म्हणजे चौपाटीवरच्या तात्पुरत्या कुट्या, उभारू द्यायचं धोरण आणलं. तारकर्ली, दिवेआगर, आरे-वारे यांच्या पंगतीत आमचं गुहागरही होतं. बातमी वाचली आणि कुणी विचारायच्या आधीच मी विरोधात उभी राहिले. डोळ्यांपुढे गोव्याचं कळंगुट-बागा आलं, ढणढण गाणी आणि वाळूत रुतलेल्या बाटल्या. पुढे सुशोभीकरण, बाकडी, दिवे असा कुठलाही विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असायचं: किनारा आहे तसा मोकळा राहू द्या.

गावात तसं म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. आपल्याच वाडीत चार खांब रोवायचे तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचा नियम, आडवा येतो, मग पुळणीवर कुट्या कशा चालतात, हा प्रश्न रास्तच होता. परवाना गावच्या माणसाच्या नावाने आणि गल्ला पुण्या-मुंबईच्या माणसाकडे, हेही आम्ही पाहिलेलं आहे.

माझं मत बदललं ते किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या एका बाईमुळे. वर्षानुवर्षांची ओळख. एका संध्याकाळी मी तिला माझं मोकळ्या किनाऱ्याचं पुराण ऐकवत होते. तिने कोयतीने शहाळं तासता तासता म्हटलं, "काकू, मी सकाळी घरातून निघाले की पाणी पीत नाही. दिवसभर पाणी विकते न् पीत नाही. जायचं कुठे? तुमची पडवी इथून दिसते, तुम्हाला मोकळं परवडतं."

मला राग आला. खरं तर राग यावा असं ती काहीच बोलली नव्हती.

नंतर हिशेब मांडला तेव्हा नको ते दिसायला लागलं. आमच्याकडे पर्यटकांसाठी खोल्या आहेत आणि फलकावर 'शांत, स्वच्छ किनारा' असं रंगवलेलं आहे. किनारा ओका राहण्यात माझा धंदा होता, आणि मी त्याला निसर्गप्रेम म्हणत होते. सुट्टीच्या दिवशी एसटीने येणाऱ्या बायका गडग्याशी येऊन चाचरत विचारतात, "बाथरूम वापरू का?" त्यांना मी कधी हो म्हटलं, कधी नळाला पाणी नाही म्हटलं. एका मुलाने आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. सुरूच्या बनापर्यंत खुर्ची आली, मऊ वाळूत रुतली. बाई तिथूनच झाडांच्या फटीतून समुद्र बघत बसल्या. अशांच्या बाजूने आमच्या गावच्या बैठकीत कधी कुणी बोललं नाही. मीही नाही.

म्हणून आता मी विरोधकांत नाही. कुणीही काँक्रीट ओतावं, असंही मी म्हणत नाही. वाळू पावसाळ्यात जाते आणि परत येते, तिच्या वाटेत भिंत घातली की परत येणं बिघडतं. दिव्यांबाबत तर मी अजून हट्टीच आहे. आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री उजेडाच्या रोखाने समुद्र शोधतात आणि हायमास्टचा झोत मागून पडला तर उलटी गावाकडे वळतात. वेळास गावात 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ते गाव आज कासवांच्या जोरावर पाहुणे बोलावतं. हंगामात झाकलेले, बुटके, जमिनीकडे वळवलेले दिवे लावणं काही अवघड काम नाही.

बायकांसाठी स्वच्छतागृह, तेही भरतीरेषेपासून मागे. पावसाळ्यापूर्वी उचलता येईल अशी लाकडी फळ्यांची वाट. कुट्या मोजक्या, आणि पहिला हक्क आज तिथे बसणाऱ्या विक्रेत्यांचा. माझं मागणं एवढंच आहे. शहाळेवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघू या, कागदावर काय येतं." तिला माझ्याहून जास्त अनुभव आहे.

आणखी एक मागणी मला पुढच्या बैठकीत मांडायची आहे, आणि शेजारी त्यावर बिथरणार आहेत. आम्ही सगळे सरकारी कुट्यांवर डोळे लावून बसलो असताना किनाऱ्याला उतरणाऱ्या जुन्या वाटा एकेक करून आक्रसल्या. कुठे फाटक आलं, कुठे 'खाजगी रस्ता'ची पाटी. त्या वाटांची मोजणी करून त्या सार्वजनिक म्हणून नोंदवा, असं मी म्हणणार आहे. घरात अजून बोलले नाही. त्यातली एक वाट आमच्याच गडग्याने दोन हात खाल्ली आहे.