वर्षं मोडू नका

१० जून २०२४, चिंचवड

संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात भोसरीचा एक सीएनसी ऑपरेटर आला. वय अडतीस. २०१६ पासून एकाच कारखान्यात होता, महिन्यापूर्वी काम सुटलं. दिवाळीपर्यंत रांजणगावला लागेल म्हणतो. "काका, पीएफ आणि पेन्शन, दोन्ही काढायचा फॉर्म भरून द्या. गाडीचं कर्ज फिटेल."

टाइम ऑफिसात असल्यापासून हेच ऐकतोय. नोकरी बदलली की पहिला विचार पैसे काढण्याचा. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत (ईपीएस) पेन्शनचं सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० वरच थांबली आहे. कंपनीच्या हिश्श्यातले महिन्याला फार तर १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात. मग कामगाराच्या हातात राहतात ती फक्त वर्षं, आणि तीच तो मोडायला निघतो.

कागदावर मांडून दाखवलं. ही आठ आणि पुढची वीस मिळून अठ्ठावीस. वीस वर्षं भरली की दोन वाढवून मिळतात, म्हणजे तीस. १५,००० च्या हिशेबाने महिना सुमारे ६,४२८. आठ मोडली तर उरतात बावीस, महिना ४,७१४. सतराशेचा फरक, तोही मरेपर्यंत. त्याच्यामागे बायकोला मिळणारी पेन्शनही तेवढ्या मानाने कमी.

"पण काका, नड आज आहे."

नड खरीच आहे, ती नाकारून चालणार नाही. महिनाभर बेकार असलेल्याला पीएफमधले ७५ टक्के काढता येतात. अगदीच अडलं तर त्यातून लागेल तेवढंच काढ, पेन्शनला हात लावू नकोस, असं सांगितलं. ज्या १०-सी फॉर्मवर पेन्शनची रक्कम मागतात, त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेटही मागता येतं. त्यात वर्षं शाबूत राहतात. ही गोष्ट कारखान्याच्या गेटवर कुणी सांगत नाही याचा मला संताप येतो.

विचार करतो म्हणाला.

१८ जून

एका वहिनींचा कागद पाहिला. मालक गेले, नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, लग्नाआधीचं. पीएफच्या नियमात लग्न झालं की असं जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द ठरतं. वहिनींचा हक्क आहे, पण तो सिद्ध करायला आता दाखले आणि खेटे. लग्नानंतर पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलं असतं तर दुःखात ही वणवण टळली असती.

२९ जून

उद्या निवृत्त होणारे एक सुपरवायझर भेटले. वय अठ्ठावन्न. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून बत्तीस लाख येतील. मुलाच्या मोशीतल्या फ्लॅटसाठी सगळे देणार आहेत. मुलगा चांगला आहे, शंका त्याच्याबद्दल नाही. पण फ्लॅटच्या भिंतीतून औषधाचं बिल भरता येत नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्या व्याज ८.२ टक्के, म्हणजे तीन महिन्यांनी ६१,५००. निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं तर साठ पूर्ण नसली तरी चालतं. ते हिशेब ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "एवढ्यात भागेल की." आज भागेल. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो आणि ईपीएसच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. म्हणून आलेलं सगळं व्याज खर्चू नका, त्यातलं काही पुन्हा गुंतवा, असं बजावलं. मुलाला द्यायचेच तर थोडे द्या, आणि वहिनींना विचारून द्या.

६ जुलै

ऑपरेटर आला होता. त्याच्या पासबुकात २०१६ च्याही आधीच्या एका नोकरीची दोन वर्षं सापडली. ती कंपनी सोडल्याची तारीखच चढलेली नव्हती. आता ती कामगाराला स्वतः पोर्टलवर भरता येते. भरली, आणि खातं जोडायचा अर्ज केला.

ज्यांनी नोकऱ्या बदलल्या आहेत त्यांनी या आठवड्यात पासबुक उघडून सर्व्हिस हिस्टरी पाहावी. जुनी खाती नव्याला जोडून घ्या, नॉमिनी तपासा, आणि पेन्शनची रक्कम मध्येच काढू नका.