चावीची आगगाडी

आमच्या इन्सुलीच्या घरांत माळ्यावर एक लाकडी पेटी असे. तींत काय आहे हें गांवांतील प्रत्येक मुलास ठाऊक होतें, आणि ती वर्षांतून एकच दिवस, वैशाखांत, उघडतात हेंही ठाऊक होतें. त्या दिवशीं ओटीवर अशी दाटी होई कीं आमच्या आजीस सोंवळ्यानें विहिरीवर जाणें कठीण पडे. पेटींत चावीची आगगाडी होती. हिरवें टिनाचें एंजिन, तीन डबे, रूळ आणि एक लहानशी चावी. आमचे चुलत आजोबा मुंबईस बोरीबंदरावर जी. आय. पी. रेल्वेच्या कचेरींत कारकून होते. त्यांनीं ती १९३६ सालीं आमच्या वडिलांकरितां आणली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं १९२० पासून विकावयास काढलेल्या गाड्यांपैकीं ती एक.

शहरांतील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु आमच्या लहानपणीं ह्या मुलखांत आगगाडीच नव्हती. खरी गाडी पाहावयाची तर घाट चढून बेळगांवास जावें, नाहीं तर मडगांवास. आणि मडगांव तर १९६१ पर्यंत परराज्यांत. इन्सुलीच्या मुलांची आगगाडी काय ती हीच. वडील स्वतः चावी देत, आणि वळसे मोठ्यानें मोजीत. बारा झाले कीं थांबत. तेरावा दिला तर आंतली स्प्रिंग तुटेल असें त्यांचें म्हणणें. आम्हां दोघां भावांस केवळ डबे जोडण्याचा अधिकार होता, आणि त्याकरितांही भांडण होई.

कोंकणांत रेल्वे येणार हें वडिलांनीं उभा जन्म ऐकलें. १९९५ सालीं ते वारले. कोंकण रेल्वे १९९८ सालीं राष्ट्रास अर्पण झाली. आतां एकीकडे सावंतवाडी रोड, दुसरीकडे मडुरे, अशीं स्थानकें आम्हांस आहेत.

१९९९ सालीं घराच्या वाटण्या झाल्या. वाटण्या कशा होतात हें ज्यांनीं पाहिलें त्यांस सांगणें नको, व ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस सांगून समजणार नाहीं. तांब्याचीं भांडीं मोजून झाल्यावर शेवटीं माळ्यावरची पेटी खालीं आली. वडीलपणाच्या हक्कानें एंजिन आणि रूळ आम्हीं घेतले. डबे धाकट्या बंधूंकडे गेले. चावी त्या वेळीं त्यांच्या हातांत होती. ती त्यांनीं मुकाट्यानें खिशांत घातली, आणि आम्हींही मागितली नाहीं. मिताक्षरेंतील दायविभाग आम्हीं पाठशाळेंत वाचला होता. चावीवांचून एंजिन म्हणजे नुसता टिनाचा डबा, एवढें मात्र त्या दिवशीं सुचलें नाहीं. बंधु डोंबिवलीस गेले. पुढें लग्नकार्यांत भेट होई, कुशल विचारलें जाई, त्यापलीकडे नाहीं.

२०२२ सालीं आम्ही पुण्यास कन्येकडे गेलों असतां नातवानें आम्हांस कोथरूडांतील छोट्या रेल्वेंचें संग्रहालय दाखविलें. भाऊसाहेब जोशी यांनीं जन्मभर हौसेनें जमविलेला तो संसार १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुला झाला, म्हणजे आमच्या कोंकण रेल्वेच्याच वर्षीं. विजेवर धावणाऱ्या गाड्या, पडणारे उठणारे सिग्नल, पूल, मिणमिणते दिवे. आम्ही तास दीड तास हाललों नाहीं. बाहेर पडतांना नातू म्हणाला, "आजोबा, आपली गाडी का बंद आहे?"

आम्हीं सांगितलें, "चावी हरवली."

पस्तीस वर्षें पोरांस सत्य बोलावें म्हणून शिकविलें, त्या जिभेनें हें उत्तर दिलें. रात्रभर झोंप लागली नाहीं.

परत आल्यावर आम्हीं एंजिन खालीं काढलें. वडील त्याच्या आंसांस खोबरेल लावीत. तें साठ वर्षांत राळेसारखें घट्ट झालें होतें. तें रॉकेलनें धुवून शिवणयंत्राचें तेल दिलें. रुळांच्या टोकांच्या खिळ्या आमच्या पावसानें गंजल्या होत्या. त्या कानशीनें घासल्या. बांद्याच्या बाजारांत एका कारागिराकडून नवी चावी करविली. ती सैल झाली, पण चार-पांच वळसे घेई. तेवढ्यावर काम आरंभिलें.

ह्या गाडीच्या रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर. त्या मापाचें मूळ नांव शून्य. बोलतां बोलतां त्याचें 'ओ' झालें. विलायतेंत हीं खेळणीं साधारणपणें खऱ्याच्या साडेत्रेचाळिसाव्या हिश्श्याचीं धरतात. त्या हिशेबानें आपले १६७६ मिलिमीटरचे रुंद रूळ साडेअडतीस भरतील. सबब आमची गाडी ३२ वर चालते ती खऱ्या अर्थानें कोंकण रेल्वेची नव्हे. हें गणित नातवास समजाविलें. त्यानें तें ऐकून घेतलें, आणि एंजिनाच्या बाजूस 'कोंकणकन्या' असा कागद चिकटविला.

बारा वांकडे रूळ जोडले कीं चार फूट रुंदीचें वर्तुळ होतें. मध्यें सरळ तुकडे घालून लांबट फेरा केला, व फणसाच्या फळ्यांचा नऊ फूट लांब, पांच फूट रुंद मांचा करून तो भिंतीस लावला. ही आमची पहिली चूक. भिंतीकडे गाडी घसरली कीं हात पोंचेना. शेवटीं मांचा भिंतीपासून ओढून मध्यें चौकोन कापला, आणि त्यांतून डोकें वर काढून बसावें असें केलें. आमच्या सौभाग्यवतींस तें ध्यान पाहून जें हंसूं लोटलें तें येथें लिहीत नाहीं.

दुसरी चूक हौसेची. इन्सुलीचा घाट दाखवावा म्हणून तीन फुटांत एक इंच चढ दिला. एंजिन अर्ध्यावर जाऊन उभें राहिलें. मग विचार केला. १८६३ सालीं बोरघाटांत जो लोहमार्ग झाला त्याचा चढ सदतिसांत एक, आणि तेथें आजही मागून ढकलावयास जादा एंजिनें लागतात. कोंकण रेल्वे बांधणारांनीं चढ दीडशांत एकापलीकडे जाऊं दिला नाहीं. डोंगर चढण्याऐवजीं ते डोंगरांतून गेले, म्हणून इतके बोगदे. आम्हींही घाट मोडून जांभ्या दगडाचा बोगदा केला. वर पावसाळ्यांत कुंपणाच्या गडग्यावरून काढलेलें शेवाळ लावलें. सावंतवाडीच्या चितारआळींतून लांकडी घरें आणि माणसें आणलीं. नातवानें तेथलाच एक लांकडी आंबा फलाटाशेजारीं ठेवला. तो स्टेशनमास्तराच्या घराहून मोठा आहे, आणि अजून तेथेंच आहे.

इतकें झालें आणि बांद्याची चावी एंजिनाचा चौकोनी दांडा खरवडूं लागली. आणखी फिरविली असती तर तो गोल झाला असता, मग कोणतीच चावी लागली नसती. ती ठेवून दिली, आणि डोंबिवलीस पत्र लिहावयास बसलों. चार कागद फाडले. पांचव्यावर इतकेंच लिहिलें कीं रूळ मांडले आहेत, चावी पाहिजे.

पंधरा दिवसांनीं पुडकें आलें. वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेली चावी. सोबत चिठ्ठी : "दादा, बारा वळसे. डबे घेऊन चतुर्थीस येतों."

२०२३ च्या गणेशचतुर्थीस ते आले. आरती झाल्यावर पाय आपोआप मांच्याकडे वळले. त्यांनीं डबे जोडले; आम्हीं चावी त्यांच्या पुढें धरली. ते नको म्हणाले, आम्हीं तशीच धरून राहिलों. तेव्हां ते मोठ्यानें मोजूं लागले, अगदीं वडिलांच्या सुरांत.

नातू मध्येंच म्हणाला, "धाकटे आजोबा, हरवलेली चावी कुठे सांपडली?"

बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. "माझ्याच खिशांत होती रे," ते म्हणाले.

"आणि मी ती मागितली नव्हती," आम्हीं म्हटलें.

बारावा वळसा झाला. गाडीनें दोन फेरे नीट केले, तिसऱ्यास बोगद्यांत शिरली ती बाहेर येईना. मग एका तोंडानें आम्हीं हात घातला, दुसऱ्या तोंडानें त्यांनीं.