डबा घेण्याआधी

डोंबिवली

चि. भाचीबाई,


तुझा भलामोठा मेसेज पोचला. बँड जमला, ड्रमर टिकला, आणि आता तुला गिटारसाठी प्रोसेसरचा डबा घ्यायचाय. खाली यादी, प्रत्येकापुढे किंमत आणि आत किती अॅम्प आहेत त्याचा आकडा. ‘मामा, यातला कुठला?’ हे फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुझी यादी उलट्या टोकाकडून सुरू होते. आत अॅम्प दोनशे असोत की ऐंशी, स्टेजवर तू चार वापरणार. आधी हे बघ की डबा कोण उचलणार, त्याला वीज कुठून मिळणार आणि त्याचा आवाज कोणाच्या हातात जाणार. तुमचे कार्यक्रम कुठले? वर्षातून एखादा कालिदास कलामंदिराच्या नाट्यगृहात, बाकी गणपती, नवरात्र, कोजागरी आणि लग्नाची लॉन्स. म्हणजे स्कूटर, मांडववाल्याचा बोर्ड आणि ओळखपाळख नसलेला साउंडवाला. रिग बांधायची ती या तिघांसाठी.

वजनाचं थोडक्यात सांगतो. रोलँडचा जेसी-१२० हा अॅम्प १९७५ साली आला, भाड्याने मिळतो तो बहुतेक हाच. वजन २८ किलोच्या आसपास. फेंडरचा ट्विन रिव्हर्बही तेवढाच. हे घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये कोणी चढून दाखवावं. टेम्पो आणि दोन पोरं परवडणाऱ्यांनीच अॅम्प बाळगले, बाकीचे आम्ही समोर येईल त्यात जॅक खुपसत आलो. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा तो लाल, राजम्याच्या आकाराचा पॉड आला तिथून चित्र पालटलं. २०११ मध्ये केम्पर आला, त्यात खऱ्या अॅम्पचा आवाज मोजून साठवता येऊ लागला. २०१५ मध्ये हेलिक्स, २०१८ मध्ये त्याचंच धाकटं भावंड एचएक्स स्टॉम्प, साधारण सव्वा किलोचा. तो गिटारच्या बॅगेच्या पुढच्या खणात मावतो. आता आवाजाच्या दर्जावरून या डब्यांत भांडायला फारसं काही उरलेलं नाही. मधल्या किमतीचा कुठलाही नावाजलेला डबा विसाव्या रांगेतल्या माणसाला खऱ्या अॅम्पसारखाच ऐकू येतो. पहिल्या रांगेत पाहुणे बसतात, ते ऐकत नाहीत.

डब्यात एक गोष्ट मात्र हवीच, स्पीकर कॅबिनेटची नक्कल. डिस्टॉर्शनचं पेडल थेट मिक्सरला जोडलं की बाटलीत कोंडलेल्या माशीसारखं गुणगुणतं, ते तू ऐकलंच असशील. गिटार अॅम्पमधला बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही ऐकवत नाही. हॉलचे स्पीकर त्याच्या कितीतरी वर जातात, म्हणून एरवी झाकली जाणारी सगळी खरखर उघडी पडते. यावर उपाय म्हणजे आयआर. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला त्याचा प्रतिसाद, एवढीशी ध्वनिफाइल. २०४८ सॅम्पलची असली तर ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ मिलिसेकंदांची. तुझ्या निम्म्या आवाजाची जात ही फाइल ठरवते. अॅम्प बदलत बसण्यापेक्षा आयआर बदलून बघ, फरक जास्त कळेल. आणि कधी आयोजकांनी मोठ्या कौतुकाने स्टेजवर जेसी-१२० ठेवलाच, तर डब्यातलं कॅबिनेट बंद कर. नाहीतर एका स्पीकरमधून दुसरा स्पीकर वाजतो आणि सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं.

लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा निघण्याची, चिंता तू नेटवरून उचललेली दिसते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरला तीन मिलिसेकंद. चांगल्या डब्याला आत-बाहेर करायला तेवढाच वेळ लागतो. तुझा मॉनिटर दोन मीटरवर असेल तर डब्यापेक्षा जास्त उशीर ती हवाच करते. वायरलेस, डबा, डिजिटल मिक्सर आणि कानातलं मॉनिटर अशी सगळी डिजिटल माळ लावलीस तर बेरीज बोटांना जाणवू लागेल. तोवर झोप बिघडवून घेऊ नकोस.

आता विजेबद्दल. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण दुकानातला माणूस यावर अवाक्षर काढत नाही.

मंडळाच्या स्टेजमागे एक लाकडी बोर्ड असतो. त्यातून एलईडी पार लाइट, धुराचं मशीन, निवेदकाचा मोबाइल चार्जर आणि कोणाची तरी आइस्क्रीमची गाडी असा संसार चाललेला असतो. उरलेल्या एका पॉइंटात तुझं एक्स्टेन्शन. त्याची तिसरी पिन बऱ्याचदा आतून कुठेच जोडलेली नसते. धुराच्या मशीनचा हीटर चालू-बंद होतो तसा व्होल्टेज हलतो. तुझा अॅडॉप्टर शंभर ते दोनशेचाळीस व्होल्टवर चालणारा असेल, तर तेवढ्याने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते महावितरणची वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मधल्या क्षणात. ढोलकी आणि ड्रम पुढे निघून जातात, गायिका माइकविना तशीच गात राहते आणि तू पायाशी कंपनीचं नाव लुकलुकताना बघत उभी. डब्यात कॉम्प्युटर आहे, त्याला पुन्हा जागं व्हायला वेळ लागतो.

म्हणून दोन गोष्टी कर. पहिली, साउंडवाल्याकडे मिक्सर जिथून चालतो त्याच बोर्डातला पॉइंट माग. हा लायटिंगवाल्याचा पॉइंट नाही ना, हे विचारून घे. मिक्सर आणि तू एकाच अर्थिंगवर असलात की निम्मी हमिंग सुरूच होत नाही. जोडण्याआधी टेस्टर काढ. गिटार गळ्यात घेतल्यावर गाण्याच्या माइकच्या जाळीला ओठ लावण्याआधी टेस्टर लाव. दिवा लागला तर अर्थिंग नीट होईपर्यंत ‘चालतंय हो, काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. माइक आणि गिटारच्या तारा यांच्यातल्या शॉकने जगभर वादक मेले आहेत.

दुसरी गोष्ट बॅटरी. बॉसचा जीटी-१ चार पेन्सिल सेलवर चालतो, त्याचा हा गुण मला त्यातल्या सगळ्या इफेक्टपेक्षा मोठा वाटतो. स्टॉम्पचं तसं नाही. त्याला नऊ व्होल्टचा, तीन अँपिअरपर्यंत देणारा पुरवठा लागतो. पण २७ वॉट किंवा त्याहून मोठी, पीडी (पॉवर डिलिव्हरी) असलेली पॉवर बँक नऊ व्होल्टला तीन अँपिअर देते, फक्त नऊ व्होल्ट मागणारी ट्रिगर केबल हवी. हिशोब कर : वीस हजार एमएएचच्या बँकेत सुमारे ७४ वॉट-तास असतात, डब्याने पुरे २७ वॉट ओढले तरी वाया जाणारं धरून दोन तास निघतात. प्रत्यक्षात डबा कमीच खातो. सावधगिरी एवढीच, गिटारच्या दुनियेत बहुतेक ठिकाणी आतल्या पिनला मायनस लागतो आणि बाजारातल्या बऱ्याच तयार केबलींना आत प्लस असतो. मल्टिमीटरने बघितल्याशिवाय जोडू नकोस, उलटं जोडलंस तर डबा कायमचा जाऊ शकतो. आणि वाजवताना बँक चार्जिंगला लावायची नाही, कित्येक बँका प्लग लावला-काढला की क्षणभर पुरवठा तोडतात.

मिक्सरकडे जाणारी वाट सोपी आहे, पण सामान तुझं हवं. स्टॉम्प किंवा जीटी-१ ला मागे कॅनन (एक्सएलआर) नाही, पी-३८ (पाव इंची जॅक) आहे. मधे लागणारा, गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डीआय बॉक्स साउंडवाल्याकडे असेलच असं धरू नकोस. एक साधा पॅसिव्ह डीआय स्वतःचा ठेव, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला. सगळं जोडल्यावरही घुमलं तर ते बटण दाब, बहुतेकदा तिथेच संपतं. पण अॅडॉप्टरची अर्थ पिन तोडून हमिंग घालवणाऱ्यांच्या जवळही उभी राहू नकोस. डब्याचा आउटपुट लाइनवर आहे की इन्स्ट्रुमेंटवर ते सेटिंगमध्ये आधी बघ, डीआयमध्ये जाताना इन्स्ट्रुमेंटवर ठेव. आणि मोनोच पाठव. मंडळाचे टॉप स्पीकर रस्त्याच्या दोन टोकांना असतात. तू हौसेने केलेला डावी-उजवीकडे उड्या मारणारा डिले डाव्या टोकाच्या लोकांना अर्धा आणि उजव्यांना उरलेला अर्धा ऐकू जाईल.

आता आवाज घडवण्याचं. हे तू नक्की रात्री हेडफोन लावून करणार, सगळेच करतात. तिथे जो पॅच मखमलीसारखा वाटतो तोच स्टेजवर खाली घुमतो आणि वर टोचतो. यात डब्याचा दोष नाही. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू ऐकताना आपण बास आणि ट्रेबल वाढवत नेतो आणि हॉलमध्ये मोठ्याने वाजल्यावर ते वाढवलेलं सगळं आपल्याच अंगावर येतं. तेव्हा पॅच तालमीत बनव, ड्रम वाजत असताना, खऱ्या स्पीकरमधून. तुझी सहावी तार मोकळी ८२ हर्ट्झला वाजते, त्याच्या खालचं सगळं काप. बँडमध्ये शंभरापर्यंत कापलंस तरी कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही, ती जागा बेसवाल्याची आणि ढोलकीच्या धुमाची. वरून सहा-सात हजारांपासून उतरव. एकटीने वाजवताना हा आवाज किरटा वाटेल. वाटू दे. बँडमध्ये तोच वाट काढतो. मिड कमी केलेला, घरी फार ‘मोठा’ वाटणारा आवाज हा नवशिक्यांचा लाडका आणि स्टेजवर तोच पहिल्यांदा बुडतो.

आवाज चार पुरेत : स्वच्छ, किंचित चुरचुरणारा, पूर्ण डिस्टॉर्शन आणि सोलोसाठी तोच, थोडा मोठा आणि डिले लावलेला. हे चारही एकाच प्रीसेटमध्ये स्नॅपशॉट म्हणून ठेव. प्रीसेट बदलताना अनेक डब्यांत आवाज क्षणभर तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते, स्नॅपशॉटमध्ये तसं होत नाही. डिलेचा वेळ टॅपने लाव, मेडलीत लय बदलत राहते. १२० च्या लयीत एका मात्रेला ५०० मिलिसेकंद, पाऊण मात्रेचा डिले ३७५. ‘कर्ज’ (१९८०) मधल्या ‘एक हसीना थी’चा गोरख शर्मांनी वाजवलेला तो तुकडा सुरू केलास की लोक पहिल्याच फेरीत शिट्ट्या मारतात. मी तो स्वच्छ आवाजावर, थोड्या डिलेने वाजवतो. त्याला दोनशे अॅम्पमधला एकच लागतो. मात्र भावगीताला इलेक्ट्रिक गिटारवरून अकूस्टिकचा आभास करू जाशील तर माझं मत वाईट आहे. मोठ्या गर्दीत खपतं, कालिदासच्या शांततेत नाही. तिथे खरी गिटार ने.

वायरलेस आत्ता नको. स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायच्याच पट्ट्यात. हजार मोबाइल खिशात घेऊन उभ्या गर्दीत त्यांचं काही सांगता येत नाही. सहा मीटरची चांगली केबल घे. दोन घे.

म्हणजे तुझी रिग अशी झाली : डबा, त्याला जोडायचा दोन बटणांचा फूटस्विच (स्टॉम्पवर तीनच बटणं आहेत, सोलोच्या ऐन वेळी वाकणं बरं दिसत नाही), डीआय, पॉवर बँक, केबली, टेस्टर. हे सगळं हातभर फळीवर वेल्क्रोने बसव, कायमचं जोडलेलं. स्टेजवर फक्त गिटारची केबल आणि मिक्सरची केबल लावायची. आमच्याकडे सलामीचं संगीत सुरू होईपर्यंत लायटिंगवाला शिडीवरच असतो, तुला साउंड चेक म्हणून एखादा कॉर्ड मिळाला तरी नशीब. ज्याला लावायला अर्धा तास लागतो ती रिग कितीही छान असो, आपल्याकडच्या स्टेजवर निरुपयोगी आहे.

तुझ्या यादीतला क्वाड कॉर्टेक्स सुंदर आहे, त्याला मागे कॅननही आहे, दोन किलोच्या आत बसतो. पण त्याच्या किमतीत स्टॉम्प, डीआय, केबली, पॉवर बँक येऊन गिटारला नवे पिकअपही बसतील असा माझा अंदाज आहे. हेलिक्सचा मोठा फ्लोअर साडेसहा किलोचा, तो स्कूटरवर नको. पैसे अगदीच कमी असतील तर जुना जीटी-१ घे, लाजू नकोस. त्यात स्वतःची आयआर घालता येत नाही, बाकी काम होतं.

ताईला नमस्कार सांग, आणि तिला किंमत एकदम सांगू नकोस. ऑर्डर देण्याआधी एक कर. तुमच्या नेहमीच्या साउंडवाल्याला फोन करून विचार की मॉनिटरसाठी तुला वेगळा ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून स्वतंत्र वाट, मिळेल का. नाही म्हणाला तर तुझ्या पायाशी स्वतःचा छोटा पॉवर्ड स्पीकर लागेल, आणि मग डब्याचं बजेट बदलेल. तो काय म्हणतो ते मला कळव, मगच पैसे भर.

तुझा,
मामा